आधी पॉलिसी, मग राजीनामा

पत्र : ताई, नमस्कार. माझं वय ५२. कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत क्वालिटी विभागात २४ वर्षं काढली. आता ३१ मार्चला थांबायचं ठरवलंय. फुलेवाडीत स्वतःचं घर आहे, बालिंग्यात ३० गुंठे ऊस आहे, कर्ज नाही. मला ६ वर्षांपासून शुगर आहे, गोळी चालू आहे. बायको ४९ वर्षांची, तिला थायरॉईड. आई ७६ वर्षांची. मुलगी २३ वर्षांची, पुण्यात शिकते. सगळ्यांना कंपनीचा ५ लाखांचा ग्रुप मेडिक्लेम आहे. गेल्या मे महिन्यात एका एजंटाने आम्हा दोघांसाठी १० लाखांच्या फ्लोटरचं, म्हणजे दोघांत मिळून एकच रक्कम असलेल्या पॉलिसीचं, कोटेशन दिलं : ४०,००० रुपये अधिक कर ७,२००. तो म्हणतो, फॉर्मवर शुगर लिहू नका, पाच वर्षं गेली की कुणी विचारत नाही. मेहुणे म्हणतात, दरवर्षी एवढे पैसे घालवण्यापेक्षा १५ लाखांची एफडी आजारपणासाठी बाजूला टाका. माझा विचार असा की आधी कामातून मोकळं व्हावं, दोन महिने आराम करावा, मग निवांत बघावं. तुमचं मत सांगा. – सं., फुलेवाडी

उत्तर : नमस्कार दादा. एजंट आणि मेहुणे दोघांकडे येतेच, पण तुमच्या पत्रातलं सगळ्यात धोक्याचं वाक्य त्या दोघांचं नाही, तुमचं आहे. ‘दोन महिने आराम करावा, मग निवांत बघावं.’

हेच वाक्य आमच्या घरात बोललं गेलं होतं. मी तेव्हा मेडिक्लेमच्या क्लेमच्या टेबलावर काम करत होते, दिवसभर लोकांच्या फायली बघत होते, आणि घरी मात्र दिव्याखाली अंधार. ह्यांनी नोकरी सोडली ३१ मार्चला. एप्रिल पाव्हण्यांत गेला, मे आंब्यांत. मेच्या शेवटी एका रात्री पोटात कळ उठली, पित्ताशयात खडे निघाले, तिसऱ्या दिवशी ऑपरेशन. बिल झालं ७८ हजार. जुनी पॉलिसी ३१ मार्चलाच संपली होती, नवी घेतलेली नव्हती. सगळे पैसे खिशातून गेले. पैशांपेक्षा जास्त लागलं ते हे, की ३० मार्चला एक अर्ज दिला असता तरी काही वाट निघाली असती, आणि तो अर्ज कसा असतो हे मला तोंडपाठ होतं.

तर कंपनीचा ग्रुप मेडिक्लेम हा तुमचा नसतो, कंपनीचा असतो. तुम्ही यादीतलं एक नाव. रिलीव्हिंगची तारीख पडली की एचआर विमा कंपनीला मेल करतं, ‘खालील नावं वगळावीत’, आणि त्या यादीत तुमच्याबरोबर वहिनी, मुलगी आणि आई अशी चारही नावं जातात. काही ठिकाणी पॉलिसीचं वर्ष संपेपर्यंत नाव राहू देतात, पण बहुतेक ठिकाणी उरलेल्या महिन्यांचा प्रीमियम परत घेऊन नाव काढतात. तुमच्याकडे काय होतं ते विचारून घ्या, कँटीनमध्ये नाही, मेलवर.

आता ज्याची माहिती फार थोड्यांना असते ते सांगते. ग्रुप पॉलिसीतून बाहेर पडणाऱ्या माणसाला त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक किंवा फॅमिली फ्लोटर पॉलिसीत जाण्याचा हक्क विमा नियामकाने, म्हणजे आयआरडीएआयने दिलेला आहे. याला मायग्रेशन म्हणतात. घरच्यांनाही तो लागू आहे. यात तुम्ही ग्रुपमध्ये काढलेली वर्षं नव्या पॉलिसीच्या वेटिंग पिरियडमध्ये, म्हणजे ठरावीक आजारांचा क्लेम मिळत नाही त्या सुरुवातीच्या काळात, धरली जातात, जुन्या विमा रकमेपुरती. म्हणजे तुम्ही ५ लाखांत होता आणि नवी १० लाखांची घेतली, तर पहिल्या ५ लाखांना जुन्या वर्षांचा फायदा आणि वरच्या ५ लाखांना वेटिंग नव्याने सुरू.

हा फायदा किती मोठा आहे ते तुमच्या शुगरवरून बघा. कोरी पॉलिसी घेतली तर आधीपासूनच्या आजाराला कंपनी जास्तीत जास्त ३६ महिने वेटिंग लावू शकते. एप्रिल २०२४ पूर्वी ही मर्यादा ४८ महिन्यांची होती. त्याशिवाय मोतीबिंदू, हर्निया, पित्ताचे खडे, गुडघा बदलणं असल्या ठरावीक दुखण्यांना वेगळं वेटिंग असतं, बहुतेक ठिकाणी २४ महिन्यांचं. आणि अपघात सोडला तर पहिले ३० दिवस कुठल्याच आजाराचा क्लेम नाही. ५२ व्या वर्षी शुगरवाल्या माणसाला नेमकं जे होण्याची शक्यता असते, ते सगळं या याद्यांत आहे. मायग्रेशनमध्ये यातला बराच भाग तुम्ही आधीच फेडून बसलेले असता.

मेख एक आहे. फौंड्रीवाले दर एक-दोन वर्षांनी ग्रुपची विमा कंपनी बदलतात, जो स्वस्त देईल त्याच्याकडे जातात. मग नवी कंपनी म्हणते, ‘आमच्याकडे तुम्ही गेल्या ऑक्टोबरपासूनच आहात.’ त्यावर उपाय कागदाचा. एचआरकडून निदान मागच्या पाच वर्षांची ई-कार्डं किंवा सभासदत्वाची प्रमाणपत्रं मागून घ्या. कंपनीचं नाव, पॉलिसी नंबर, तारखा, विमा रक्कम, चौघांची नावं एवढं त्यावर दिसलं पाहिजे. मग त्या विमा कंपनीला सरळ विचारा की सलग किती वर्षं धरणार. उत्तर लेखी घ्या. नोकरीत असताना हे कागद चहाच्या कपावर मिळतात. सुटल्यावर तेच एचआर ‘बघतो, पाठवतो’ म्हणतं आणि तुम्ही गेटवर पास काढून बसता.

विमा कंपनी तपासण्या सांगू शकते, शुगर बघून प्रीमियमही चढवू शकते. म्हणून हे राजीनाम्याचं पत्र टाकण्याआधी सुरू करायचं. ३१ मार्चला सुटायचं तर नोटीस धरून तुमचं पत्र जानेवारीत जाईल. आज एचआरमार्फत मायग्रेशनचं विचारा. जानेवारीच्या मध्यापर्यंत स्पष्ट उत्तर आलं नाही, तर दुसऱ्या कंपनीची कोरी पॉलिसी घेऊन टाका. दोन पॉलिसी एकाच वेळी असायला काही हरकत नाही, आणि नोकरीत असेपर्यंत तिचे पहिले ३० दिवस तरी निघून जातील. आणि समजा कुणीच घ्यायला तयार झालं नाही, किंवा असा आकडा सांगितला की डोळे पांढरे झाले, तर ते राजीनाम्याआधी कळलेलं बरं. तारीख पुढे ढकलता येते. दिलेला राजीनामा परत घेताना मात्र माणसाला कसं वाटतं ते तुम्ही कुणाच्या तरी बाबतीत बघितलं असेलच.

आता तुमचा एजंट. ‘शुगर लिहू नका’ म्हणणारा एजंट दिसला की मला अजूनही हात शिवशिवतात. तो ज्या पाच वर्षांबद्दल बोलतोय ती खरी आहेत : सलग ६० महिने पॉलिसी चालली की माहिती दडवली या कारणावरून कंपनी क्लेम नाकारू शकत नाही. पण त्यालाच अपवाद आहे, सिद्ध झालेल्या फसवणुकीचा. आणि त्या ६० महिन्यांच्या आत काय, हे तो सांगत नाही. तुम्ही फॉर्मवर सही कराल, कमिशन त्याला मिळेल, आणि चौथ्या वर्षी कॅज्युअल्टीत तुम्ही एकटे असाल.

तिथे काय होतं ते माझ्या टेबलावरून सांगते. पेशंट आत नेतात. निवासी डॉक्टर बाहेर येऊन घरच्यांना विचारतात, आधी काही आजार? वहिनी घाबरलेल्या असतात, त्या खरं तेच सांगतात : शुगर आहे, दहा वर्षं झाली, गोळी चालू आहे. डॉक्टर ते केस पेपरच्या पहिल्या पानावर, नावाच्या खाली दोन ओळी सोडून लिहितात. नोन केस ऑफ डायबिटीस, दहा वर्षं. आम्ही फाइल उघडली की बिलाकडे नंतर बघायचो, आधी ते पान. त्या ओळीतली वर्षं आणि पॉलिसीची वर्षं यांची वजाबाकी करायला अर्धा मिनिट लागतं. प्रपोजल फॉर्मवर ‘नाही’ लिहिलेलं असलं की फाइल वेगळ्या ढिगात. तो क्लेम तर जातोच, पॉलिसीही रद्द होऊ शकते, आणि मग ५६ व्या वर्षी नव्याने दारोदार.

शिवाय तुमची शुगर लपणार कुठे? कंपनीच्या वार्षिक तपासणीचे रिपोर्ट आहेत, ग्रुप पॉलिसीत कधी क्लेम केला असेल तर तो आहे. शुगर लिहा, कधीपासून ते लिहा, गोळीचं नाव लिहा. वहिनींचं थायरॉईडही लिहा. एजंटाने लॅपटॉपवर फॉर्म भरला तर ओटीपी देण्याआधी प्रत्येक ‘हो’ आणि ‘नाही’ स्वतः वाचा. पॉलिसी हातात आली की पुन्हा वाचा. काही चुकीचं छापलं असेल किंवा अटी पटल्या नाहीत तर ३० दिवसांत परत करता येते.

कोटेशनचंही बघू. ४०,००० वर १८ टक्क्यांनी ७,२०० होतात, हिशेब मेमध्ये बरोबर होता. पण वैयक्तिक आणि फॅमिली फ्लोटर आरोग्य विम्यावरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून शून्य झाला आहे. ते ७,२०० आता नाहीत. कर गेल्यावर काही कंपन्यांनी मूळ प्रीमियमच हलवला असेल, म्हणून नवं कोटेशन मागा. जुनं जपून ठेवा, तुलनेला उपयोगी पडेल.

मेहुण्यांच्या एफडीची मी थट्टा करणार नाही. त्यांचं अर्धं बरोबर आहे. बहुतेक पॉलिसी ओपीडीचा खर्च देत नाहीत, दर तीन महिन्यांची एचबीएवनसी ही शुगरची तपासणी, गोळ्या, चष्मा, दात हे सगळं खिशातूनच जातं. क्लेममध्ये कापलं जाणारंही असतं. त्यासाठी दोन-तीन लाख हाताशी हवेतच. पण १५ लाख म्हणजेच सगळा बंदोबस्त हे पटत नाही. एफडी एकदा मोडली की मोडली. पॉलिसीची रक्कम दरवर्षी नव्याने उभी राहते. पगार चालू असताना मोडलेली एफडी माणूस पुन्हा भरतो. तुम्ही आता पगार बंद करून बसणार आहात, बालिंग्याच्या ३० गुंठ्यांतून ती भरून निघायची नाही.

उलट प्रीमियमचाच निधी करा म्हणते मी. लवकर निवृत्त होणारे लोक एक चूक हमखास करतात : आजचा प्रीमियम पुढच्या तीस वर्षांच्या वहीत तसाच लिहितात. वय वाढेल तसा तो चढतो, औषधोपचाराच्या महागाईने आणखी चढतो. वर्षाला १० टक्के वाढ धरली तर आजचे ४०,००० तुमच्या ५९ व्या वर्षी ७८ हजारांच्या घरात जातात आणि ६६ व्या वर्षी दीड लाखांच्या वर. ही वाढ मी नुसती धरलेली आहे, पण हिशेबात काहीतरी धरावंच लागतं. जानेवारी २०२५ मध्ये नियामकाने ज्येष्ठांच्या, म्हणजे साठीपुढच्या लोकांच्या प्रीमियममध्ये विचारल्याशिवाय वर्षाला १० टक्क्यांपेक्षा जास्त वाढ करायची नाही असं बजावलं. तुम्हाला ती सावली मिळायला अजून आठ वर्षं आहेत. तोवर एखाद्या वर्षी २५ टक्क्यांची उडीही बसू शकते.

म्हणून १० लाखांची एकच जाड पॉलिसी घेण्याऐवजी एक जोडी तपासून बघा. खाली ५ लाखांची मूळ पॉलिसी आणि वर १५-२० लाखांचा सुपर टॉप-अप, ५ लाखांच्या डिडक्टिबलचा, म्हणजे पहिले ५ लाख सोडून वरचे पैसे देणारा. बऱ्याचदा दोन्ही मिळून एका मोठ्या पॉलिसीपेक्षा स्वस्त पडतात आणि मायग्रेशनचा फायदाही खालच्या ५ लाखांना पुरता लागतो. फक्त ‘सुपर’ हा शब्द गाळू देऊ नका. एका वर्षात चार-चार लाखांची दोन बिलं झाली असं समजा. साधा टॉप-अप प्रत्येक बिल वेगळं बघतो, दोन्ही ५ लाखांच्या आत, तो एक रुपया देत नाही. सुपर टॉप-अप वर्षाची बेरीज बघतो, ८ लाखांतले ५ वजा, ३ लाख देतो.

पॉलिसीच्या कागदात दोन ठिकाणी बोट ठेवून वाचा. पहिलं, रूमचं भाडं. विमा रकमेच्या १ टक्का अशी मर्यादा असेल तर ५ लाखांना ५,००० रुपये रोज. तुम्ही १०,००० ची खोली घेतलीत तर फक्त वरचे ५,००० कापले जात नाहीत, डॉक्टरांची फी, ऑपरेशन थिएटर अशा खोलीशी जोडलेल्या खर्चांचाही निम्मा भाग कापला जातो. औषधं, तपासण्या आणि शरीरात बसवलेली उपकरणं यांना ही कात्री लावता येत नाही, तरी बिलाच्या शेवटी आकडा बघून लोक माझ्या टेबलासमोर मटकन बसायचे. शक्यतो रूमची मर्यादा नसलेली पॉलिसी घ्या.

दुसरं, झोन. काही कंपन्या शहरांप्रमाणे प्रीमियम लावतात. कोल्हापूरच्या पत्त्यावर स्वस्त देतात आणि आत अट असते की मोठ्या शहरात उपचार घेतले तर बिलाचा ठरावीक हिस्सा तुमचा. आपल्याकडे मोठं दुखणं निघालं की मिरज, बेळगाव, नाहीतर पुणं. तुमची तर लेकच पुण्यात आहे, जड काही झालं तर ती तुम्हाला तिकडेच नेणार. तेव्हा ही अट असली तर स्वस्त प्रीमियमचा आनंद तात्पुरता.

आईंचं वेगळं बोलू. ७६ व्या वर्षी मायग्रेशनचा हक्क त्यांनाही आहे, विचारा जरूर, पण आकडा ऐकून तुम्ही बहुधा गप्प व्हाल. २०२४ पासून पासष्टीपुढे पॉलिसी विकायचीच नाही ही भिंत गेली, तरी परवडण्याची भिंत आहेच. त्यांच्यासाठी आयुष्मान वय वंदना कार्ड काढा. सत्तरीपुढच्या कुणालाही, उत्पन्न कितीही असो, वर्षाला ५ लाखांपर्यंत. ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झालं, आधार कार्डावर निघतं. त्याशिवाय महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आता पांढऱ्या रेशनकार्डालाही लागू आहे, कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत. ‘आपण काय दारिद्र्यरेषेखालचे आहोत का’ म्हणून बरेच जण तिकडे फिरकत नाहीत. फिरका. मात्र दोन्ही ठिकाणी दवाखाना योजनेत असावा लागतो आणि तो उपचार यादीत असावा लागतो. सीपीआरला, म्हणजे कोल्हापूरच्या सरकारी दवाखान्यात, किंवा योजनेतल्या कुठल्याही दवाखान्यात आरोग्यमित्र, म्हणजे योजनेची माहिती देणारा माणूस, बसलेला असतो, त्याला गाठून तुमच्या जवळचे कुठले दवाखाने कशासाठी आहेत ते वहीत लिहून आणा. आजारी पडल्यावर नाही, एखाद्या सोमवारी सकाळी.

मुलीचा प्रश्न सोपा. २३ वर्षांची, निरोगी, तिची स्वतंत्र पॉलिसी आत्ताच घ्या. स्वस्त मिळेल आणि तिची वेटिंगची वर्षं कॉलेजातच संपतील. उद्या नोकरी लागली, ग्रुप मेडिक्लेम मिळाला, तरी ही बंद करू देऊ नका. तुम्ही २८ व्या वर्षी असं केलं असतं तर आज हे पत्र लिहावं लागलं नसतं, असो.

प्रीमियमवर आयकरातली वजावट जुन्या करपद्धतीत आहे, नव्यात नाही. तुमचं पुढचं उत्पन्न बघता त्यावरून निर्णय फिरवण्यात अर्थ नाही.

प्रीमियमची तारीख मात्र डोकं लावून ठरवा. पगार असताना पैसे कुठल्याही महिन्यात असतात. पुढे तुमच्याकडे रोख येईल ती एफडीच्या व्याजाची आणि उसाच्या बिलाची. पॉलिसी फेब्रुवारी-मार्चमध्ये सुरू झाली तर दरवर्षी नूतनीकरण कारखान्याचं बिल जमा होण्याच्या सुमाराला येईल. पण बिल अडकलं म्हणून प्रीमियम अडकवू नका. तारखेनंतर ३० दिवसांची सवलत मिळते आणि जुनी वर्षं शाबूत राहतात, पण त्या मधल्या दिवसांत झालेल्या आजाराचे पैसे मिळत नाहीत. पुढे कधी कंपनी बदलावीशी वाटली तर पोर्ट करता येतं, त्याचा अर्ज नूतनीकरणाच्या दीड-दोन महिने आधी.

वहिनींना या सगळ्यात बसवा. पॉलिसीचा नंबर, टीपीएचा, म्हणजे विमा कंपनीच्या वतीने क्लेम बघणाऱ्या संस्थेचा फोन, कॅशलेस चालणाऱ्या दवाखान्यांची नावं त्यांच्या मोबाईलमध्ये हवीत, कारण तुम्ही स्ट्रेचरवर असताना फोन त्यांनाच करायचा आहे. नियमाप्रमाणे कॅशलेसच्या विनंतीवर कंपनीने एका तासात निर्णय द्यायचा असतो आणि डिस्चार्जच्या वेळी तीन तासांत. उशीर झाला तर हे आकडे काउंटरवर मोठ्याने बोलता आले पाहिजेत. अन्यायाने क्लेम नाकारलाच, तर आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे लेखी, महिनाभरात समाधान झालं नाही तर पुण्याच्या विमा लोकपालांकडे. तिथे वकील लागत नाही, फीही नाही.

या आठवड्यात एचआरकडे जाल तेव्हा तीनच गोष्टी मागा : माझं नाव कुठल्या तारखेला निघणार, मागच्या वर्षांची प्रमाणपत्रं, आणि विमा कंपनीत मायग्रेशन कोण बघतं त्याचा ईमेल. कुणी विचारलं, ‘का हो, सोडताय काय?’ तर म्हणा, मुलीच्या कागदांसाठी हवंय. फॉर्मवर खोटं लिहू नका म्हटलं मी, एचआरबद्दल काही म्हटलेलं नाही.